शंखातला कृमी काय सांगतो?



आपल्या या मालेत 'एखादी गोष्ट आपल्याला कळते, म्हणजे नेमकं काय होतं' याची चर्चा चालू आहे. प्रत्यक्षाबद्दल बोलून झालं. आज अनुमान. अनुमान म्हटलं की धूर आणि आग ही जोडी ठरलेली. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. शतकानुशतकं आपण तोच डोंगर आणि तोच धूर बघत आलो. आज जरा डोंगर उतरून खाडीच्या चिखलात जाऊ. तिथे धुराच्या जागी एक कृमी आहे, तोही गोगलगाईच्या पोटात. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, जीवशास्त्राचे नव्हे. पण या कृमींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची विचार करण्याची रीत इतकी स्वच्छ आहे, की अनुमान समजावून सांगायला ती आम्हाला फार सोयीची वाटते.

आधी शब्दाबद्दल दोन शब्द. 'परजीवी' म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. व्यवहारात आपण हा शब्द शिवीसारखाच वापरतो. 'बांडगूळ' हाही त्यातलाच. बिचारी ती वनस्पती आंब्यावर वाढते आणि आपण नात्यातल्या ऐतखाऊ माणसाला तिचं नाव देतो. शिवी दिली की विचार थांबतो, ही त्यातली अडचण. 'ऐतखाऊ आहे' म्हटलं, की तो कुठून आला, कसा टिकला, त्याच्या असण्यावरून काय कळतं, हे कुणी विचारत नाही. आज आपण तेवढंच विचारणार आहोत.

एका कृमीचा प्रवास

आपलं उदाहरण आहे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरिया नावाच्या खाऱ्या दलदलीतलं. जागा मोठी नाही, नव्वद-पंच्याण्णव हेक्टरांची. भरती आली की पाण्याखाली, ओहोटी लागली की उघडा चिखल. त्या चिखलावर हजारो गोगलगाई सरपटत असतात. शंख लांबट, शिंगासारखा निमुळता, बोटाच्या दोन पेरांएवढा. म्हणून इंग्रजीत तिला हॉर्न स्नेल म्हणतात. चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ खरवडून खाणं हा तिचा दिवसभराचा उद्योग.

या गोगलगाईत राहणारे कृमी चपट्या कृमींच्या कुळातले. शाळेच्या पुस्तकात आपण यकृत पर्णकृमी वाचलेला असतो, मेंढ्यांच्या यकृतात सापडतो तो. हे त्याचेच चुलतभाऊ, म्हणजे पर्णकृमीच. या एकाच जातीच्या गोगलगाईत पर्णकृमींच्या किमान १८ जाती सापडल्या आहेत. त्यातल्या एकीचा प्रवास पाहू. तिचं शास्त्रीय नाव युहॅप्लॉर्किस कॅलिफोर्निएन्सिस. नाव लक्षात ठेवायची गरज नाही, प्रवास लक्षात ठेवा.

प्रौढ कृमी पक्ष्याच्या आतड्यात राहतो. बगळ्यासारखे मासे खाणारे पाणपक्षी त्याचे शेवटचे यजमान. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत यजमानाला 'पोशिंदा' म्हणतात, तो शब्द आम्हाला आवडतो. कृमी तिथे अंडी घालतो, अंडी विष्ठेबरोबर चिखलावर पडतात. गोगलगाय शेवाळाबरोबर ती खाते. आत गेल्यावर अळी बाहेर येते आणि गोगलगाईच्या जननग्रंथींची जागा बळकावते. नर-मादीवाचून तिथेच तिच्या पिढ्यांवर पिढ्या तयार होतात. अशी गोगलगाय पुढे जगते, खाते, सरपटते, पण तिला संतती होत नाही. तिच्या शंखाआड मऊ मांसाचा जो ऐवज असतो, त्यातला पाचवा हिस्सा कृमींचाच असू शकतो.

मग या वसाहतीतून शेपटीच्या सूक्ष्म अळ्या पाण्यात सुटतात. त्यांना सर्केरिया म्हणतात. त्या पोहत किलीफिश नावाच्या छोट्या माशाला गाठतात, त्याच्या अंगात शिरतात आणि मेंदूच्या पृष्ठभागावर कोश करून बसतात. एकेका माशाच्या मेंदूवर असे हजाराहून अधिक कोश सापडतात. पक्ष्याने तो मासा खाल्ला, की कृमी पुन्हा पक्ष्याच्या आतड्यात. फेरा पूर्ण झाला.

आता यातला विलक्षण भाग. केविन लॅफर्टी आणि किमो मॉरिस या दोघांनी १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कृमी असलेले आणि नसलेले मासे त्यांनी एकत्र कुंपणात सोडले. एक कुंपण पक्ष्यांना खुलं ठेवलं, दुसरं झाकलं. कृमी असलेले मासे पृष्ठभागाशी येतात, अंग वळवतात, कुशीवर होऊन पोटाची चकाकी दाखवतात, झटके देतात. अशा हालचाली त्यांच्यात निरोगी माशांच्या चौपट होत्या. आणि पक्ष्यांनी ते निरोगी माशांपेक्षा १० ते ३० पट अधिक प्रमाणात उचलले.

इथे जिभेला आवर घालायला हवा. 'कृमी माशाला नाचवतो', 'कृमीला पक्ष्याकडे जायचं असतं', असं आपण सहज बोलून जातो. कृमीला काही 'जायचं' नसतं. ज्या अळ्यांमुळे मासा जास्त दिसू लागला, त्यांचे वंशज जास्त झाले, एवढंच घडत गेलं. हेतू आपल्या भाषेत आहे, कृमीत नाही. हेतू या शब्दाचा दुसरा, न्यायशास्त्रातला अर्थ मात्र इथे फार उपयोगी पडतो. त्याकडेच आता वळू.

पक्ष, साध्य, हेतू

न्यायशास्त्रात अनुमानाचे तीन घटक महत्त्वाचे. ज्या जागेबद्दल बोलायचं, ती जागा म्हणजे पक्ष, आपल्या जुन्या उदाहरणातला डोंगर. जे सिद्ध करायचं ते साध्य, म्हणजे आग. आणि ज्याच्या आधारे सिद्ध करायचं तो हेतू, म्हणजे धूर. जिथे जिथे हेतू तिथे तिथे साध्य, या न चुकणाऱ्या साहचर्याला व्याप्ती म्हणतात. व्याप्ती पक्की नसेल तर अनुमान कोसळतं.

आता खाडीवर या. पक्ष आहे चिखलाचा एक तुकडा. हेतू आहे गोगलगाईतला कृमी. साध्य काय? साध्य आहेत पक्षी. म्हणजे इथे पक्ष वेगळा आणि पक्षी वेगळे, घोटाळा करू नका!

व्याप्ती कशावर उभी आहे? या कृमीला तीन पोशिंदे लागतात आणि ते क्रमाने लागतात. पक्षी आला नाही तर अंडी पडणार नाहीत. अंडी पडली नाहीत तर गोगलगाईत कृमी येणार नाही. आणि मासा नसेल तर पक्ष्याला कृमी मिळणार नाही. म्हणजे गोगलगाईत या जातीचा कृमी सापडला, की इथे पक्षी येऊन गेला हे ठरलं. शिवाय त्या पक्ष्याने या जातीचे कोश असलेला मासा खाल्ला होता, हेही ठरलं. एका शंखातल्या कृमीवरून तीन प्राण्यांचं नातं कळतं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? दुर्बीण घ्या, पक्षी मोजा. मोजायला हवेतच. पण पक्षी उडून जातो. तुम्ही सकाळी सहाला गेलात आणि तो आठला आला, तर तुमच्या वहीत तो नाही. काही पक्षी रात्री येतात, काही वर्षातले दोनच महिने येतात. गोगलगाय मात्र तिथेच असते. या जातीची पिल्लं पाण्याबरोबर दूर वाहत जात नाहीत, अंड्यातून बाहेर पडली की सरपटूच लागतात. ती काही वर्षं जगते आणि एकदा लागलेला कृमी सहसा जन्मभर राहतो. म्हणून तिच्या शरीरात त्या जागेची काही वर्षांची नोंद साठत जाते. गावच्या तलाठ्याकडे दप्तर असतं ना, तसं हे चिखलाचं दप्तर.

ही नुसती कल्पना नाही. रायन हेकिंजर आणि लॅफर्टी यांनी कॅलिफोर्नियातल्याच बोलिनास नावाच्या खाजणात हे तपासलं आणि २००५ साली मांडलं. जिथे पक्षी जास्त आणि अधिक जातींचे, तिथल्या गोगलगाईंतले पर्णकृमीही जास्त आणि अधिक जातींचे. पोशिंद्यांचं वैविध्य असलं की परजीवींचं वैविध्य येतं.

दुरुस्त केलेला चिखल

आता या ज्ञानाचा उपयोग. खाडीचा चिखल ही जगभर 'रिकामी जागा' समजली जाते. भराव टाका, इमारत बांधा, बंदर वाढवा. विरोध झाला की एक उत्तर तयार असतं : 'इथला घेतो, तिकडे तेवढाच नवा करून देतो.' कागदावर हिशेब बरोबर येतो. हेक्टरला हेक्टर. पण नवा केलेला चिखल जिवंत आहे का, हे कसं ठरवणार? पाणी येतं-जातं, गवत रुजलं, छायाचित्र छान आलं, एवढ्यावर काम पूर्ण झाल्याचा शेरा मारायचा?

कार्पिंटेरियात हाच प्रश्न आला. दलदलीचा बिघडलेला भाग दुरुस्त करायचं काम झालं. टॉड हस्पेनी आणि लॅफर्टी यांनी दुरुस्तीच्या आधीच तिथल्या गोगलगाई तपासून ठेवल्या होत्या. जवळच्या, हात न लावलेल्या भागांतल्याही तपासल्या. दुरुस्तीपूर्वी बिघडलेल्या भागात कृमींच्या जाती कमी होत्या आणि कृमी असलेल्या गोगलगाईंचं प्रमाणही कमी होतं. दुरुस्तीनंतरच्या काही वर्षांत ते प्रमाण जवळजवळ चौपट झालं आणि हात न लावलेल्या भागांच्या बरोबरीला आलं. त्या भागांत मात्र या काळात विशेष बदल झाला नाही. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा, की पक्षी त्या जागेचा पुन्हा वापर करू लागले होते.

मंडळी, यातली उलटापालट लक्षात घ्या. प्राण्यांना कृमी जास्त झाले आणि शास्त्रज्ञांना आनंद झाला! डॉक्टरकडे जाऊन 'जंत वाढले, अभिनंदन' असं ऐकलं तर आपल्याला कसं वाटेल? पण इथे तपासणी एका गोगलगाईची नव्हती, त्या सगळ्या वस्तीची होती. एका गोगलगाईच्या दृष्टीने कृमी हा नाशच, तिचा वंश तिथे थांबला. वस्तीच्या दृष्टीने तोच कृमी नाती जुळल्याची खूण. दोन्ही विधानं खरी आहेत. कुणाच्या ठिकाणी उभं राहून बोलतो आहोत, ते आधी सांगावं लागतं.

आणि ही खूण किरकोळही नाही. कार्पिंटेरियात कोण कुणाला खातं याचं जाळं मांडताना लॅफर्टी, अँड्र्यू डॉब्सन आणि आर्मंड क्युरिस यांनी परजीवींनाही त्यात घेतलं. तेव्हा जाळ्यातल्या एकूण दुव्यांपैकी सुमारे ७५ टक्के दुव्यांत परजीवी निघाले. हे २००६ सालचं काम. २००८ साली क्युरिस आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया इथल्या तीन खाड्यांमधल्या परजीवींचं वजन मांडलं. पर्णकृमींच्या पोहणाऱ्या अळ्यांचं एका वर्षातलं उत्पादन तिथल्या पक्ष्यांच्या एकूण वजनापेक्षा जास्त भरलं. आपण खाडीवर जाऊन पक्षी पाहतो आणि म्हणतो, केवढे पक्षी! पाण्यात त्याहून वजनदार काही तरी पोहत असतं आणि आपल्या डोळ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

हेतूची परीक्षा

आता जरा सावध होऊ. नैयायिक हे भारी चिकित्सक लोक. ते विचारतील : धूर तिथे आग, मान्य. पण आग तिथे धूर? नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात.

आपल्या उदाहरणातही तसंच आहे. कृमी तिथे पक्षी, हे ठीक. पण पक्षी तिथे कृमी, असं म्हणता येत नाही. पक्षी नुसते टेकायला आले असतील, मासे दुसरीकडे खात असतील, त्या चिखलात गोगलगाईच नसतील. म्हणून पक्ष्यांचा मोठा थवा पाहून 'इथलं सगळं उत्तम आहे' म्हणणं हे उलटं अनुमान झालं. थव्यावरून थवा कळतो, त्याच्या खालचा चिखल कळतोच असं नाही.

दुसरी उपाधी वयाची. गोगलगाय जितकी म्हातारी, तितकी तिला कृमी लागण्याची संधी अधिक. तेव्हा एकीकडच्या म्हाताऱ्या आणि दुसरीकडच्या तरुण गोगलगाई ताडून पाहिल्या तर निष्कर्ष चुकणार. म्हणूनच हात न लावलेल्या भागाशी तुलना करायची. आपले जुने लोक याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणत. जिथे कारण आहे तिथे बघा, जिथे नाही तिथेही बघा. प्रयोगशाळेत आज ज्याला 'कंट्रोल' म्हणतात, त्याचा गाभा हाच.

तिसरी उपाधी उष्णतेची, आणि ती आजच्या काळात सर्वांत काळजीची. त्यासाठी आपल्याला कॅलिफोर्नियाहून युरोपात जावं लागेल, डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वाडन समुद्रात. तिथेही ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो. त्यात गव्हाच्या दाण्याहून लहान चिखलगोगलगाई राहतात आणि कोरोफियम नावाचे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे प्राणी राहतात. कोरोफियम चिखलात नळीसारखी बिळं करतात. बिळांच्या भिंती चिखलाला बांधून ठेवतात, अगदी सारवलेल्या अंगणासारख्या. तिथल्या पर्णकृमींचा मार्ग असा : चिखलगोगलगाय, मग कोरोफियम, मग किनारपक्षी.

१९९० सालचा वसंत तिथे नेहमीपेक्षा उबदार होता. पाणी तापलं की गोगलगाईतून सुटणाऱ्या अळ्यांची संख्या झपाट्याने वाढते. त्या वर्षी एका चिखलपट्ट्यावरचे कोरोफियम काही आठवड्यांत नाहीसे झाले. थॉमस येन्सेन आणि किम मौरित्सेन यांनी १९९२ साली त्यामागे उष्णतेने वाढलेल्या कृमींच्या अळ्यांचा हात असावा, असं मांडलं. बिळं करणारे गेले, तसा चिखल सुटू लागला. भरती-ओहोटीने तो वाहून नेला आणि त्या पट्ट्याची ठेवणच बदलली. एका सूक्ष्म अळीपासून जमिनीच्या उंच-सखलपणापर्यंत कारणांची साखळी गेली.

मग कृमी चांगले की वाईट? हा प्रश्नच इथे नीट बसत नाही. कृमी आहे, म्हणजे नाती आहेत. कृमी एकाएकी फार वाढले, तर त्या नात्यांवर कसला तरी ताण आला असेल, ते शोधा. धूर चुलीतून येतो तसा घर पेटल्यावरही येतो. धूर दोन्ही वेळा खरंच बोलतो, आपल्याला तो वाचता यायला हवा.

एक चिठ्ठी

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे : 'तिसऱ्या आणि मासे आम्ही आवडीने खातो, ते सोडायचे का?' नाही हो, सुखाने खा! पक्ष्यांचे बहुतेक पर्णकृमी माणसाच्या पोटात टिकत नाहीत. काही टिकतात, पण मासे कच्चे किंवा अर्धेकच्चे खाल्ले तर. इजिप्तमध्ये नाईलच्या मुखाकडच्या भागात खाऱ्या पाण्यातल्या गोगलगाईतून बोयासारख्या माशांत आणि त्यातून माणसांत जाणारा एक पर्णकृमी ठाऊक आहे. नीट शिजवलेल्या कालवणात तो जगत नाही. आपल्या आजीची रीत पुरेशी आहे.

आपल्या खाडीकडे

शेवटी जरा आपल्याकडे पाहू. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी येतात. २०१५ साली तिथे त्यांचं अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली ती रामसर यादीत आली. चांगलंच झालं. पण आपलं प्रेम त्या गुलाबी थव्यापाशी थांबतं. थव्याखाली काळा, वासाचा चिखल असतो आणि तो आपल्याला घाण वाटतो. पक्षी हवेत, चिखल नको, चिखलातले किडे तर नकोच. कार्पिंटेरियाचा धडा असा, की हे असं वेगळं करता येत नाही. पक्षी, मासा, गोगलगाय आणि कृमी ही एकाच वाक्यातली पदं आहेत. एक गाळलंत तर वाक्याचा अर्थ जातो.

म्हणून यापुढे कुणी 'एका खाडीच्या बदल्यात दुसरी करून देतो' म्हटलं, तर आपण नागरिकांनी दोन साधे प्रश्न विचारावेत. पहिला : काम सुरू करण्यापूर्वी तिथे कोण कोण राहत होतं, त्यांची नाती काय होती, याची नोंद घेतली का? दुसरा : पाच-सहा वर्षांनी पुन्हा मोजायला कोण जाणार आहे? कार्पिंटेरियात आधीची मोजणी हाताशी होती, म्हणून नंतरच्या मोजणीला अर्थ आला. आधीची नोंद नसेल तर अन्वय नाही, व्यतिरेक नाही, अनुमानही नाही. मग उरतो फक्त कुणाचा तरी शब्द. शब्द हेही प्रमाण आहे, पण तो आप्ताचा असावा लागतो, आणि करार ज्याच्या फायद्याचा तो त्या प्रकरणात आप्त नव्हे.

त्यावर आपण शब्दप्रमाणाच्या व्याख्यानात सविस्तर बोलू. पुढच्या वेळी मात्र क्रमाने उपमान घेऊ. तोपर्यंत कधी ओहोटीच्या वेळी खाडीवर गेलात, तर पक्षी पाहून झाल्यावर दोन मिनिटं खाली चिखलाकडेही बघा. एखादी गोगलगाय सरपटताना दिसेल. तिच्या पोटात काय लिहिलेलं असेल, याचा विचार करा.